गोल्डची शेवटची फेरी

विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, आज उतरलात की तुम्ही आमचे गोल्ड मेंबर!" मी लगेच आईला फोन लावला. पुढच्या महिन्यात ती पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, आणि गोल्डवाल्याला विमानतळावरच्या खास लाउंजमध्ये सोबत एक माणूस नेता येतो.

"एवढी एकच फेरी कमी होती, तर कुणाकडून उसनी घ्यायचीस की रे!"

"नाही चालत, आई. साठलेले पॉइंट दुसऱ्याला देता येतात, पण गोल्डसाठी वर्षभरात ठरावीक वेळा स्वतःच उडावं लागतं."

"म्हणजे उपासासारखंच. फराळ वाटता येतो, उपास ज्याचा त्यानंच करायचा."

मला हसू आलं. माझ्या प्रत्येक परीक्षेचे उपास तिनेच धरले होते, आणि घरातला पहिला पदवीधर झालो मी. विमान उतरून थांबताच मी तिला फोनवर सांगितलं, "आई, पास झालीस!"