आंधी, धुरळा आणि आमचे साडू

सुरतेच्या हवेत उडणाऱ्या प्रत्येक कणाशी आमच्या साडूंची घरोब्याची ओळख होती. डिंडोलीत त्यांची पिठाची गिरणी. स्वतः भुवयांपर्यंत पांढरे. पण बाहेर वारा सुटला की गिरणी थांबवून ओट्यावर येत आणि जीभ बाहेर काढून उभे राहत. गिऱ्हाइकं डबे घेऊन ताटकळत. मग निकाल लागे. जिभेला नुसता चिकटला तो धुरळा, तो आपोआप बसतो. गरगरत वर गेली ती वावटळ, तिच्यात फार तर टोपी जाते. दाताखाली करकरली ती तापीच्या पात्रातली रेती, आणि तिच्यामागून येते ती आंधी. एकदा आमच्याकडे जेवताना भाकरीचा घास चावता चावता ते थांबले, डोळे मिटून म्हणाले, "वारा नदीकडचा आहे." माझ्या बायकोने त्यांचं ताटच ओढलं. "पीठ तुमच्याच गिरणीचं आहे, पाव्हणे!"

नव्वदनंतरच्या एका मे महिन्यात आमच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. रुखवतात मांडायच्या आणि पंगतीत तळायच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या. भर दुपारी साडू पिठासकट धावत आले.

"अक्का, आंधी उनी! उचला!"

"रिक्षा वळली तरी तुम्हाला आंधी आलेली दिसते," बायको म्हणाली. "ओल्या उचलल्या तर मोडतील."

चहाला उकळी येईपर्यंत आकाश पिवळंधमक झालं. आंधी ओसरल्यावर आम्ही रेतीने भरलेल्या कुरडया फडक्याने झटकल्या आणि देवावर हवाला ठेवला.

पंगतीत विहीणबाईंनी कुरडई तोंडात घातली. तो करकर आवाज मांडवभर ऐकू गेला. "ही कुरडई की नदीकाठ?" बायकोचा चेहरा उतरला. मी पानातल्या वरणाकडे पाहू लागलो. तेवढ्यात साडू उठले.

"चूक माझी, विहीणबाई. अक्का उचलत होत्या. मीच म्हणालो, नुसता धुरळा आहे, राहू द्या."

मांडव हसला, विहीणबाईही हसल्या, लग्न गोडीत पार पडलं. साडूंचं मात्र झालं ते झालं. वारा सुटला की डिंडोलीतलं कुणीही ओरडे, "काय हो, धुरळा का?" त्यांनी पुन्हा जीभ बाहेर काढली नाही. वारा आला की गिरणीचं दार लोटून घेत.

मुलीच्या घरी अजून ती गोष्ट रंगवून सांगतात, आणि मी इतकी वर्षं सगळ्यांबरोबर हसत आलो. म्हणून पोरी, आता लिहूनच ठेवतो: त्या दिवशी तुझे काका आंधीच म्हणाले होते.

परवा वारा सुटला. साडू गेल्यापासून बंद असलेल्या गिरणीच्या ओट्यावर उभं राहून मी जीभ बाहेर काढली. दाताखाली काहीतरी करकरलं. मी वळून दाराकडे पाहिलं. निकाल सांगायला आत कोणी नव्हतं.