मैद्याचे डोंगर, बेदाण्यांचे पंप

ल्युएला ऑक्सबरोने एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली. नेवाडातल्या आमच्या भागात हे काम म्हणजे रोज दोन घाट चढायचे, दोन उतरायचे, आणि मधल्या खोऱ्यांत मैलोन्‌मैल नुसती खुरटी झुडपं. एवढ्या वर्षांत आपण पोरांना एकदाही उशिरा पोचवलं नाही, असं ती सांगते. मी तिच्याच बसमधून शाळेत गेले. दोनदा उशीर झाला होता, पण हे तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती नाही.

तिचा नवरा हायरम रस्ते खात्यात होता. हिवाळ्यात घाटातला बर्फ सारायचा, उन्हाळ्यात खडीचे रस्ते सारखे करायचे, यात त्याचा जन्म गेला. सत्तरी ओलांडली आणि त्याची नजर गेली. पूर्ण नाही, कडेकडेचं धुरकट दिसायचं, पण मधोमध काळा डाग. ज्या दिवशी डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, त्या दिवशी त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसला, तो जवळजवळ दोन वर्षं तिथेच. काही विचारलं की ‘हं’. जेवण कसं झालंय? हं. बाहेर जाऊन येऊ या? हं.

मग एका मे महिन्यात ल्युएला अठ्ठावीस फुटी जुनं मोटरहोम घेऊन आली आणि दारात उभं करून तिने असा भोंगा वाजवला, की मी पलीकडच्या घरातून पीठभरल्या हातांनी पळत आले.

“हे काय आणलंस?” हायरमने विचारलं.

“घर. चाकं असलेलं. सप्टेंबरात निघायचं. दक्षिणेच्या गरम झऱ्यांपर्यंत, आणि पश्चिमेच्या डोंगरांतून परत. आठ दिवस.”

“मला काय दिसणार आहे? त्यापेक्षा हिला घेऊन जा.” हे माझ्याकडे बोट दाखवून.

“हिला? ही बसमध्ये पहिल्याच वळणाला ओकायची!”

खरं होतं ते.

पुढचे आठ दिवस ल्युएला रोज ओसरीवर नकाशा पसरून मोठमोठ्याने बेत आखू लागली. हायरम ढिम्म. नवव्या दिवशी ती मला म्हणाली, “तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून रॅटल घाट चढायचा. दक्षिणेकडून. तासाभरात पलीकडे.”

खुर्ची करकरली.

“दुपारी?” हायरम म्हणाला. “दक्षिणेकडून? अठ्ठावीस फुटांचं धूड घेऊन? तुझं डोकं ठिकाणावर आहे का, ल्यू? सगळं ऊन त्याच अंगाला, आणि पाच मैलांत एक सपाट जागा नाही! इंजिन तापून उकळेल. तो घाट उत्तरेकडून, सकाळी, गार असताना चढायचा. आण इकडे तो नकाशा!”

नकाशा हातात आला आणि मग त्याला आठवलं, की आपल्याला तो दिसत नाही. पण आता तो गप्प बसणार नव्हता. ल्युएलाने माझ्याकडे बघून डोळा मारला. एकोणतीस वर्षं बस चालवलेल्या बाईला दुपारी घाट चढू नये हे का माहीत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी तिने मैदा आणि मीठ मळून दाराएवढ्या फळीवर डोंगर उभे केले. एक रांग, एक खोरं, पुन्हा रांग, पुन्हा खोरं. रस्ता म्हणून लाल लोकर चिकटवली, पाण्याच्या जागी चवळीचे दाणे, मुक्कामाला मॅकरोनी आणि पेट्रोल पंपाला बेदाणे. हायरम त्यावरून बोटं फिरवायचा आणि बडबडायचा. “हा डोंगर बुटका केलास. इथे वळण डावीकडे आहे, उजवीकडे नाही.” ल्युएला ओला मैदा घेऊन दुरुस्ती करायची. एकदा कॉफी पिताना बोलण्याच्या नादात मी एक बेदाणा तोंडात टाकला.

“हिने पंप खाल्ला!” ल्युएला ओरडली.

“कुठला?”

“टिंबर फाट्याचा.”

“बाई गं, आता एकशेचाळीस मैल पेट्रोल नाही,” हायरम म्हणाला, आणि हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी आणखी दोन खायला तयार होते.

भांडण झालं ते पाचव्या दिवसावरून. हायरमला घाटातल्या जुन्या खडीच्या वाटेनेच जायचं होतं, कारण ती त्याने स्वतः केली होती. ल्युएला म्हणाली, ज्या वाटेवर मी बस घातली नसती तिथे घर घालणार नाही. दोन दिवस अबोला झाला. शेवटी तिने त्या घाटाच्या पायथ्याला मेंढ्या पाळणाऱ्या मारीक्रूझ इटचार्टला फोन लावला आणि हायरमच्या हातात दिला. मारीक्रूझ ऐंशीची, घराणं युरोपातल्या बास्क डोंगरांतलं, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो.

“ती वाट गेल्या पावसात वाहून गेली!” ती म्हणाली. “डांबरी घाटाने ये, हायरम. मटणाचा रस्सा करते. आणि बायकोचं ऐकत जा!”

“तिला सांगितलं कोणी आपण भांडलो म्हणून?” फोन ठेवल्यावर हायरमने विचारलं.

“कोणी नाही. तिचाही नवरा होता.”

सप्टेंबरात ते निघाले. पुढचं मला दोघांनी सांगितलं, एकाच वेळी, एकमेकांचं तोडत. पाचव्या दिवशी सकाळी डांबरी घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकू लागला. ल्युएलाने सांगताच हायरम म्हणाला, “अजून दोन वळणं. मग माथ्यावर उजव्या हाताला मोकळी जागा. बर्फ सारायचं यंत्र वळवायला मीच सपाट केली होती.” पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं आणि खरोखरच जागा आली. तिथे आधीच एक भलंमोठं भाड्याचं मोटरहोम उभं होतं. आत एक तरुण जोडपं, ओहायोचं. पलीकडचा उतार बघून दोघांनी इंजिन बंद केलं होतं. तासाभरापासून ती बसून होती.

हायरम त्यांच्या दाराशी गेला. “वही आहे का? लिही, पोरी. इथूनच खालचा गिअर टाका. पहिलं वळण रुंद आहे, घाबरू नका. तिसरं फसवं, दिसतं त्यापेक्षा आत वळतं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, दाबायचा, सोडायचा.” अकराच्या अकरा वळणं त्याने सांगितली. ती लिहीत गेली. मग पुढे ल्युएला, मागे ती दोघं, अशी दोन्ही घरं मुंगीच्या पावलांनी खाली उतरली. पायथ्याला पोचल्यावर ओहायोच्या पोराने खाली उतरून हायरमला मिठीच मारली.

मारीक्रूझच्या टेबलावर दोन पाहुण्यांचे चार झाले. तिने रश्शात पाणी न वाढवता मटण वाढवलं, वर लाल वाइन दिली. “आजोबा, तुम्ही या घाटातून शेवटचे कधी गेला होतात?” पोरीने विचारलं.

“आज सकाळी,” हायरम म्हणाला आणि ताटली पुढे केली.

आठ दिवसांचा प्रवास एकोणीस दिवस चालला. त्या पोरीने ही वळणं, सोबत हायरमचा नंबर, आणखी कुणाकुणाला दिली, आणि आता घाट विचारायला लांबलांबून लोकांचे फोन येतात. हायरम आधी गाडीची लांबी विचारतो, मग वजन, मग गाडी कोण चालवणार. “नवरा,” असं उत्तर आलं, की तो म्हणतो, “बायकोला द्या फोन.”