तिच्या पैशाची सायकल

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. चुका असतील त्या माफ करा, असं लिहिते खरी, पण कुणाला लिहिते ते मलाच माहीत नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही. मनात मात्र सगळं बोलून झालेलं असतं. त्या एका दिवसाचं मनात फार साठलंय, ते कागदावर उतरवते.

आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, तसे आमचे मालक कलकत्त्याला बहूबाजारात एका गलाईच्या दुकानात कामाला आहेत. आम्ही बेहालाला राहतो. मुलगा गावी सासूबाईंजवळ शिकतो. दिवसभर भट्टी आणि तेजाबाचा धूर, त्याने यांची छाती भरायची. मोकळी हवा मिळावी म्हणून हे सायकलवर कामाला जायला लागले. दिवसा मोठ्या रस्त्यांवर सायकलला बंदी, म्हणून गल्लीबोळातून. मग रविवारी पहाटे मैदानाकडेही जायला लागले, आणि तिथे त्यांना पुण्याचे नवरा-बायको भेटले.

साहेब बँकेत मोठे अधिकारी, बदली होऊन आलेले, बालीगंजला फ्लॅट. मॅडम सडसडीत, पायाच्या पोटऱ्या दगडासारख्या. दोघं सायकलवर लांब लांब जायचे. समोर मी मॅडमना अहो-जाहो करते. इथे लिहिताना ‘ती’ म्हणणार आहे, तेवढी तरी मोकळीक असू द्या.

मराठी बोलायला कुणी भेटलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. पहिले दोन रविवार झालाही. मग रोजच्या जेवणात ती यायला लागली. मॅडम म्हणतात, पाणी घोट घोट प्यायचं. मॅडम म्हणतात, लांब जायचं तर भाकरीपेक्षा केळं बरं. गावाहून ज्वारीचं पीठ मागवून मी भाकऱ्या थापते, आणि हा माणूस माझ्या चुलीपुढे बसून केळ्याचं कौतुक करतो!

अशात एक दिवस हे निळी सायकल घेऊन आले. बायकांची, गिअरची. म्हणाले, “तुला.”

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. साड्या सासूबाई घ्यायच्या, भांडी मी घ्यायची. यांनी आपणहून माझ्यासाठी घेतलेली ही पहिली वस्तू. मी हँडलला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला, गल्लीत संदेश, ही इथली छेन्याची मिठाई, वाटले. एवढ्यावर थांबले नाही. रविवारी बालीगंजला जाऊन तिलाही संदेशाचा पुडा दिला. म्हटलं, “यांनी घेतली मला सायकल.” ती खाऊन म्हणाली, “वा! नशीबवान आहात.” तेव्हा खरं सांगायचं तर मला ती थोडी आवडली, कारण त्या दिवशी तिच्याहून मी वरचढ होते.

गावी असताना मधल्या दांडीखालून पाय घालून मी सायकल चालवली होती, त्यामुळे तोल होता. हिवाळ्यात चौघांनी मिळून समुद्रापर्यंत, दिघ्याला जायचं ठरलं. चार दिवसांचा प्रवास. मी सांगते आहे तो पहिला दिवस.

पहाटे ती दोघं बेहालाला आली. तिने तंग अर्धी चड्डी घातलेली, आत गादी असलेली. तसलीच एक माझ्यासाठी आणली होती.

“वहिनी, ड्रेसच्या आतून घाला. दिसणार नाही. नाहीतर संध्याकाळी बसता येणार नाही.”

“मला सवय आहे,” मी म्हटलं. कसली सवय, ते मलाही माहीत नव्हतं.

डायमंड हार्बर रोड आमच्या दारावरूनच जातो. पुढे हे, यांच्या मागे ती, मग मी, सगळ्यांत शेवटी साहेब. साहेबांचं पोट सुटलेलं आणि स्वभाव गमत्या. जोका मागे पडलं तसे ते दोघं पुढे निघून गेले.

“वहिनी,” साहेब मागून धापा टाकत म्हणाले, “ती राजधानी एक्सप्रेस. तुमची-माझी मालगाडी. मालगाडीला सिग्नल मिळेल तेव्हा जायचं.”

मला हसू आलं नाही. माझे डोळे पुढे होते. तिचं पुढचं चाक यांच्या मागच्या चाकाला जवळजवळ लागलेलं, मध्ये हातभरसुद्धा अंतर नाही. सोळा वर्षांत रस्त्याने चालताना मी यांच्या इतक्या जवळून कधी चालले नव्हते. आमच्याकडे बाई चार पावलं मागे असते.

“एवढ्या जवळून कशाला?” मी विचारलंच.

“पुढच्यामागे राहिलं की वारा लागत नाही. पुढचा वारा खातो, मागच्याचे कष्ट वाचतात.”

म्हणजे आमचे मालक तिच्यासाठी वारा खात होते. रस्त्यात खड्डा आला की हे डावा हात पाठीमागे नेऊन बोटाने दाखवायचे, कुठल्या बाजूला आहे ते. खुणा तिच्यासाठी. आम्ही खड्ड्यापाशी पोचेपर्यंत खूण संपलेली असायची, खड्डा तेवढा उरायचा. मध्येच ती हसत ओरडली, “अहो, जरा हळू!” पुण्यात भाजीवाल्यालाही अहो म्हणतात, मला माहीत आहे. पण ती हाक माझी आहे. मला दुसरी हाकच नाही त्यांच्यासाठी.

आमतल्याला चहाला थांबलो. इथे वहिनीला बौदी म्हणतात, टपरीवाल्याने “बौदी, चा,” म्हणत मातीच्या कपात चहा दिला. हे आणि ती रस्त्यापलीकडे तिच्या चाकात हवा भरत होते. साहेब माझ्याजवळ बाकावर बसले.

“सायकल बरोबर बसली हो तुमच्या उंचीला,” ते म्हणाले. “हिने आणि भाऊंनी दोन दुकानं पालथी घातली त्यासाठी. आणि वहिनी, पैशाचं मनावर घेऊ नका हं. ही म्हणाली आहे, जमतील तसे देतील.”

“कसले पैसे?”

साहेब कपात बघायला लागले. “म्हणजे... भाऊ बोलले नाहीत तुम्हाला? अरेच्चा.” मग म्हणाले, “घ्या, चहा गार होतोय.” चहातून तर वाफा येत होत्या.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सायकल तिच्या पैशाची होती. मी संदेश घेऊन गेले, यांनी घेतली म्हणून मिरवलं, तेव्हा तिला ते माहीत होतं. संदेश तोंडात असताना माहीत होतं. आणि दोघं मिळून दुकानात गेले होते. माझी उंची किती, असं दुकानदाराने विचारलं असेल, तेव्हा यांनी आपल्या खांद्यापाशी आडवा हात धरून दाखवलं असेल, एवढी आहे. आणि ती शेजारी उभी असेल. पैशापेक्षा मला तो आडवा हात जास्त लागला.

परत जावं असं मनात आलं. बस होती, पण सायकलचं काय करणार? रस्त्यात टाकायची तर ती माझी कुठे होती? मग त्याच सायकलवर बसले. घंटी तिची, गिअर तिचे, बसायची जागा तिची. खजुराच्या झाडांना रसासाठी मडकी लावलेली होती, दुतर्फा तळी होती, साहेब काहीबाही दाखवत होते. मी डायमंड हार्बर येईपर्यंत मान वर केली नाही. मनात एकच चाललं होतं, हिचे पैसे हिच्या तोंडावर टाकल्याशिवाय मी हिच्याकडे सरळ बघू शकणार नाही.

तिथे नदी समुद्राएवढी रुंद आहे. पलीकडे कुकडाहाटीला जायला लाँच मिळते. सायकली डेकवर एकमेकींना टेकवून ठेवल्या. ती आणि साहेब पुढच्या कठड्याला फोटो काढायला गेले. हे माझ्याजवळ आले.

“काय गं, गप्प का? दमलीस व्हय?”

“सायकल कुणाची?”

त्यांनी साहेबांच्या पाठीकडे बघितलं आणि समजले. “देणारच आहे. लग्नाच्या सीझनला ओव्हरटाइम मिळाला की देणार.”

“तुमच्या दुकानात परक्याचं गुंजभर सोनं रात्री ठेवत नाहीत,” मी म्हटलं. “संध्याकाळी ज्याचं त्याला वजन करून देता. उशीर झाला तरी दुकानमालक गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो, हे तुम्हीच सांगता ना? आणि परक्या बाईच्या पैशावर मला महिनाभर बसवून ठेवलंत?”

“हळू बोल.”

“हळूच बोलते आहे. मला मोठ्याने बोलता येत असतं तर गोष्ट इथवर आली असती का?”

तेवढ्यात ती आली, मागून साहेब. “काय झालं, वहिनी?” मी कानातल्या कुड्या काढायला लागले. “हे घ्या,” म्हटलं, “यात फिटतील.” लाँच हलत होती, मळसूत्र निघता निघेना. आणि आमच्या मालकांनी काय करावं? दोन्ही हातांची ओंजळ करून माझ्या कानाखाली धरली! रागावलेली बायको समोर, परकी माणसं बाजूला, आणि हा माणूस सोनं खाली पडू नये म्हणून ओंजळ धरून उभा. भट्टीपुढे जन्म गेलेला, हातांना दुसरं सुचतच नाही. साहेबांनीही त्यांचं बघून आपली टोपी खाली धरली.

“अहो वहिनी, आधी ते कानात घाला. नदीत जाईल,” ती म्हणाली. “मला सोनं नको.”

“मग किती द्यायचेत ते सांगा.”

तिने यांच्याकडे बघितलं. विचारल्यासारखं, सांगू का म्हणून. ते बघणं मला सहन झालं नाही.

“त्यांच्याकडे बघू नका. मला सांगा.”

तिच्याशी तोवर मी एवढं कधी बोलले नव्हते. ती जरा मागे सरली. “अकरा हजार. पण घाई नाही हो.”

“मला आहे. आणि संदेश खाल्लात तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुमचं तोंड बघून सांगवलं नाही,” ती म्हणाली.

ती हसली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

कुकडाहाटीला उतरलो. हे पुढे झाले, ती सवयीने त्यांच्या मागे जायला निघाली. मी माझं चाक मध्ये घातलं. ती मागे राहिली. मला अंतराचा अंदाज नव्हता, दोनदा माझा टायर यांच्या टायरला घासला. “अगं, पाडशील!” हे ओरडले, पण वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने यांचा डावा हात पाठीमागे आला. बोट खाली. खड्डा. मी चुकवला. पुन्हा हात आला. संध्याकाळपर्यंत मी रस्ता बघितलाच नाही, तो हात तेवढा बघत होते. वारा खरंच लागत नव्हता. हे सुख तिने सकाळभर घेतलं होतं याचा पुन्हा राग आला.

मुक्कामाला नंदकुमारला पोचलो तेव्हा मला बसता येत नव्हतं. उभ्यानेच जेवले. तिने ती चड्डी पुन्हा पुढे केली नाही आणि मीही मागितली नाही. पुढचे तीन दिवस सीटला टॉवेल बांधून काढले.

लॉजच्या पायरीवर हे म्हणाले, “आधी सांगितलं असतं तर बसली असतीस का?”

“नसते बसले.”

“मग साहेबांना मागे सोबत कोण करणार होतं?”

मी सायकलला कुलूप घातलं. मग हेच म्हणाले, “तू घरी एकटी असायचीस, मला रविवारी जायला बरं वाटायचं नाही.” माणूस घरी बसला असता तरी चाललं असतं की.

परत आल्यावर यांनी ओव्हरटाइमचे पैसे देऊ केले. मी म्हटलं, ते मुलाच्या फीला ठेवा, हे मी फेडणार. इथे मराठी घरं थोडी, पण आहेत. संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, थालीपिठाची भाजणी पुड्या करून विकायला ठेवली. पहिल्या दिवशी कुणाशी बोलले नाही, पुड्यांमागे उभी राहिले. तरी संपल्या. मग घरोघरी मागणी यायला लागली, आणि मी त्याच निळ्या सायकलवरून पोचवायला लागले.

चटणी तिनेही मागवली. दिली, पण पैसे घेतले नाहीत आणि फेडीतही धरली नाही. तिच्याच पैशाने तिचं फेडायचं, तर ते फिटलं कसं?

“चटणी फुकट आणि वर रोख,” हे म्हणाले. “मॅडम फायद्यात आहेत.”

“तुम्हाला मॅडमच्या फायद्याचं बरं वाटत असेल.”

यांची आणि तिची दर रविवारी गाठ पडायची, पण एक रुपया मी यांच्या हातून पाठवला नाही. महिन्याच्या सुरुवातीला स्वतः बालीगंजला जायचे, दारातून द्यायचे आणि चहा न घेता यायचे. रविवारीही यांच्याबरोबर जायला लागले. जमेल त्या रविवारी. यांच्या मागची जागा माझी.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांची नागपूरला बदली झाली. मला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल. झालं उलटंच, मला घाई सुटली. पैसे द्यायचे राहून ती निघून गेली असती तर आयुष्यभर तिच्याच सायकलवर बसले असते. फराळाच्या मिळतील तेवढ्या ऑर्डर घेतल्या. चकल्या तळून तळून हाताला फोड आले. हे कामावरून येऊन मुकाट्याने सोऱ्या फिरवायचे.

शेवटचे पैसे घेऊन मी गेले तेव्हा त्यांच्या फ्लॅटमध्ये सगळीकडे खोकी बांधलेली होती. भिंतीला टेकून तिची सायकल कागदात गुंडाळलेली.

“वहिनी, राहू द्या ना आता उरलेले,” ती म्हणाली. “माझी भेट समजा.”

“नको. मोजून घ्या.”

“मोजायचं काय त्यात?”

“मोजा.”

ती एका खोक्यावर बसली. बोट ओलं करून एक एक नोट मोजली, मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मी उभी होते. मोजून झाल्यावर तिने नोटा सारख्या केल्या आणि माझ्याकडे बघितलं.

“फिटले,” ती म्हणाली.

“सगळे?”

“सगळे.”