केळ्यांना लागलेली थंडी

आमच्या तासगावकडे फळ म्हणजे द्राक्ष, आणि द्राक्ष जितकं गार ठेवाल तितकं टिकतं. माझ्या नवऱ्याची उमेदीची वर्षं तिथल्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. ते काम सुटल्यावर आम्ही बंगळूरला आलो, आनेकलच्या बाजूला, केळी पिकवून विकणाऱ्या एका गोडाऊनवर. आधी काम मिळालं ते मला, फण्या धुऊन क्रेटमध्ये भरायचं. दिलं ते अक्कांनी. अक्का इथल्या मुकादम, मूळच्या निपाणीच्या. त्यांचं मराठी कानावर पडलं तेव्हा मला रडूच फुटलं होतं. पुढे माझ्या शब्दावर त्यांनी नवऱ्यालाही घेतलं, गोडाऊनमागची खोली दिली, मुलीला शाळेत घालायला स्वतः बरोबर आल्या. आठवीत शाळा सोडलेल्या बाईवर इतका भरवसा कुणी टाकतं का? म्हणूनच धाकधूक असायची, की हे सगळं आपल्या हातून कधीतरी निसटणार.

एका सकाळी चहा घेताना नवरा खुशीत म्हणाला, "काल मी केळी वाचवली."

"कुठली?"

"नव्या गाडीची. पिकवायची खोली भरलेली, म्हणून शेजारच्या थंड खोलीत थांबवलीत ना, ती. दोन-चार फण्यांना पिवळी झाक दिसली. लगेच मशीनचा आकडा पार खाली उतरवला. आता बघ कशी कडक राहतात, आपल्या द्राक्षासारखी."

मी कप खाली ठेवला. मी नवीन होते तेव्हाच अक्कांनी बजावलं होतं, केळं थंडीला भितं. तेरा डिग्रीच्या खाली नेलं की आतून गारठतं, मग कितीही नीट पिकवा, साल काळपटच. हे नवऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

धावत गेले, आकडा वर चढवला. केळी हिरवीगार, टवटवीत. बघून कुणालाही शंका आली नसती.

"काही झालेलं दिसत नाही," मागून आलेला नवरा म्हणाला. "गप बस की."

"अहो, ती कोरमंगलाच्या बड्या दुकानांत जायची आहेत. तिथं साल बघूनच घेतात."

खोली जाणार, मुलीची शाळा जाणार. तरी तशीच अक्कांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

अक्कांनी एका फणीवर तळवा ठेवला. "द्राक्षवाल्याच्या हातात केळी दिली की असंच व्हायचं की. आत्ता काय दिसायचं नाही. ऊब लागली की मग कळतंय."

"अक्का, आम्हाला जावं लागेल का?"

"स्वल्प थांब गं. आधी केळी पिकू दे."

पिकवायची खोली रिकामी झाल्यावर केळी तिथं ठेवली, आणि त्या केळ्यांबरोबर मीही ताटकळत राहिले. नुकतीच आणलेली तांदळाची गोणी उघडली नाही. गावाकडे न्यायची वेळ आली तर तशीच उचलता यावी. नवरा त्या खोलीच्या दारावरून मान खाली घालून जायचा.

काही दिवसांनी दार उघडलं तेव्हा वास नेहमीसारखाच गोड आला. रंगही पिवळा होता, पण काजळी धरल्यासारखा. अक्कांनी एक केळं सोललं. सालीच्या आतून तपकिरी रेघा गेल्या होत्या. त्यांनी घास घेतला. "गोड आहे. पण दुकानात नाही चालायचं." दुकानदारांना त्यांनी आज माल नाही म्हणून कळवलं, एका ज्यूसवाल्याला बोलावलं आणि मग मालकांना फोन लावला. कन्नडमध्ये बोलत होत्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत?"

"खरं तेच. माणूस नवा होता, आम्ही सांगायला विसरलो."

त्या 'आम्ही'त त्यांनी स्वतःलाही धरलं होतं.

"मालक?"

"ओरडले. मग म्हणाले, राहू दे त्याला."

नवऱ्याने हात जोडले, तशा अक्का म्हणाल्या, "हात कसले जोडताय अण्णा, क्रेट उचला. ज्यूसवाला येतोय."

तेव्हापासून नवरा सगळं विचारून करतो. अक्का, दार लावू का? अक्का, पंखा चालू ठेवू का? परवा त्या वैतागून म्हणाल्या, "श्वास घ्यायला तरी विचारू नका की!" बाकीच्या बायका खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. त्याने विचारलं की तेवढ्यापुरता का होईना, माझा जीव भांड्यात पडतो.