अक्काचे पाच प्रश्न

तंजावूर स्टेशनावर माझ्या हातात जी निळी बॅग होती ती माझी नव्हती. अक्काची होती. चेन्नईला जायचं म्हणून तिनं वर्षभर आधी घेऊन, आत डांबराच्या गोळ्या टाकून कपाटावर ठेवलेली. त्या सकाळी तिनंच ती खाली काढली, पुसली आणि माझे शर्ट घड्या घालून तिच्यात भरले.

गाडी आली तेव्हा अम्मा रडली. आप्पा म्हणाले, "पाणी विकत घे. शहाणपणा करून नळाचं पिऊं नको." अक्का डब्यात चढली, बॅग सीटखाली सरकवली, चेन एकदा मागं-पुढं ओढून बघितली. "ही मध्येच अडकते रे. जोर करूं नको, तुटेल," एवढंच बोलली आणि उतरली.

आणि मी काय केलं? मी खिडकीतून स्टेशनातल्या अनाउन्समेंटवाल्या बाईचा आवाज काढला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. सेतुराव नावाचं एक गाढव थोड्याच वेळात फलाट सोडत आहे." अम्मा रडता रडता हसली. अक्काही हसली. ती तेव्हा कशी हसली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

हे मी लिहितोय ते घरी राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या सटकलेल्यांसाठी. आपल्या तंजावूरच्या मराठी माणसांतल्या निम्म्यांना ही देवनागरी लिपी वाचता येत नाही, ठाऊक आहे मला. मलाही हिंदीच्या परीक्षांमुळं येते, आणि माझा नागपूरचा रूममेट माझी वाक्यं दुरुस्त करतो म्हणून एवढं तरी सरळ दिसतंय. ज्याला वाचता येईल त्यानं बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. आवाज काढून वाचलंत तरी चालेल. मी रागावणार नाही.

मी लहानपणापासून आवाज काढायचो. टाऊन बसचा कंडक्टर, बँकेतली मॅडम, आमचे हेडमास्तर. एकदा हेडमास्तरांचा आवाज काढला म्हणून गणिताच्या सरांनी मला छडी मारली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून "पुन्हा एकदा कर डा, कर रे" म्हणून सांगितलं. तेव्हापासून मला वाटायला लागलं, बोलून सगळं निभावतं.

अक्का, म्हणजे माझी सख्खी बहीण सुगुणा, माझ्या उलट. चार वर्षांनी मोठी, बोलणं कमी, लिहिणं फार. ती एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये टोकन द्यायला बसायची. डॉक्टर म्हातारे झाले, क्लिनिक बंद होणार होतं. तिला मेडिकल असिस्टंटचा आणि बिलिंगचा कोर्स करायचा होता, म्हणजे पेशंटचं बीपी, ईसीजीही जमेल आणि इन्शुरन्सचे क्लेमही. मग चेन्नईत नोकरी. तंजावुरातून रोज जाता येईल असं कॉलेज नव्हतं, म्हणून ऑनलाइन. आप्पांनी सांगून ठेवलं होतं, "एक वर्ष देतों. जमलं तर जा. नाहीं तर येईल त्या स्थळाला हो म्हणायचं." अक्का "सरी आप्पा", म्हणजे बरं, म्हणाली. तिच्या हातात ते एकच वर्ष होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. मला पण.

आता आमच्या घरची खोड सांगतो. आप्पा कुठलाही फॉर्म भरताना "मातृभाषा" या रकान्यात तमिळ लिहीत नाहीत. ठळक अक्षरांत मराठी लिहितात. आम्ही इथं येऊन किती पिढ्या झाल्या ते मोजायचं आम्ही सोडून दिलंय, पण मराठी लिहिणं सोडलेलं नाही. आणि गावात बाहेरचं कुणी मराठी बोललं की आप्पांचा तोल गेलाच. एकदा मोठ्या देवळात सोलापूरचं एक कुटुंब भेटलं, तर आप्पा सहाच्या सहा जणांना जेवायला घेऊन आले. अम्मानं साडीचा पदर खोचून सांबार केलं. ती माणसं जाताना "आमटी छान होती हो" म्हणाली. अम्मा आठवडाभर धुमसत होती. आप्पा मात्र म्हणायचे, "आपलीच माणसं कीं!"

अक्कानं चार-पाच शाळांच्या वेबसाइट बघून माहिती मागवायचे फॉर्म भरले. मातृभाषेच्या जागी अर्थातच मराठी. बाकीच्यांचे फोन तमिळमध्ये, इंग्रजीत आले. एका शाळेचा फोन मराठीत आला.

"नमस्कार काका, मी प्राजक्ता बोलतेय, ॲडमिशन कौन्सेलर."

आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. फोनवर! "कोण? तुम्ही आमचे कीं? गांव कोणतें? कुलदैवत कोण?"

"अय्या काका, तुमचं मराठी किती गोड आहे हो!"

झालं. आप्पांनी तिला जेवायचं आमंत्रण दिलं, तंजावूरला कुठल्या गाडीनं यायचं ते सांगितलं. शाळेबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

विचारायचं काम अक्कानं करून ठेवलं होतं. वहीचं एक पान, त्यावर पाच प्रश्न. मराठी आमची, अक्षरं तमिळ, अक्का तसंच लिहिते. शाळा कुठल्या बोर्डाला जोडलेली? सर्टिफिकेट हॉस्पिटलवाले मानतात का, कुठल्या हॉस्पिटलांनी मानलंय? हातानं करायचं शिक्षण कुठं देणार? शिकून नोकरीला लागलेल्या दोघा-तिघांशी बोलायला मिळेल का? जमलं नाही तर मध्ये सोडता येतं का? प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी दोन ओळी मोकळ्या.

तिनं ते पान माझ्या हातात दिलं. "सेतू, तूं विचार. माझं बोलणं ऐकून ती हसेल. तुला त्यांच्यासारखं येतं."

येत होतंच मला. यूट्यूब बघून बघून पुण्याचं मराठी मी घोटून ठेवलं होतं, आणि ऐकायला कोणी नव्हतं. मी फोन घेतला आणि सुटलो. प्राजक्ता खिदळायला लागली. "तुम्ही तर आमच्या सदाशिव पेठेतलेच वाटता!" मग तिला तंजावूरचा कंडक्टर करून दाखवला, मग आमचे हेडमास्तर. अक्का शेजारी उभी राहून पहिल्या प्रश्नावर बोट आपटत होती. मी तिला हातानं थांब म्हटलं. दोनदा. तिसऱ्यांदा तिनं बोट काढून घेतलं.

फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "विचारलंस कीं?"

"अगं, विचारायचं काय त्यात? ती आपलीच आहे."

हे वाक्य माझं आहे. आप्पांचं नाही. आप्पांनी मला असं बोलायला शिकवलं असेल, पण तोंड माझं होतं.

तिथंच नाव घातलं आणि वर्ष गेलं. अक्कानं त्या शाळेचे सगळे व्हिडिओ दोन-दोनदा बघितले. एका व्हिडिओत एक माणूस प्लास्टिकच्या बाहुल्याला बीपीचा पट्टा बांधायचा. आमच्याकडं बाहुला मी. तिनं इतक्या वेळा माझं बीपी घेतलं की दंडाला वळ उठले. इडलीचं पीठ वाटताना बिलिंगचे कोड तोंडपाठ म्हणायची. प्रॅक्टिकलचं काय असं तिनं चॅटवर विचारलं की "लवकरच कळवू ताई" यायचं, पुढं हसरा चेहरा. शेवटी सर्टिफिकेट आलं. सोनेरी शिक्का, खाली कुणाची तरी लांब शेपटीची सही. आप्पांनी ते लॅमिनेट करून एक दिवस देवापुढं ठेवलं. अक्कानं बॅग घेतली ती त्याच आठवड्यात—नाही, चुकलो. बॅग तर तिनं आधीच घेतली होती. कोर्स सुरू झाला त्याच महिन्यात. इतकी तिला खात्री.

चेन्नईच्या एका बिलिंग कंपनीत मुलाखतीला मी तिच्यासोबत गेलो. तिथल्या मॅडमनं सर्टिफिकेट हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटून बघितलं. मग शांतपणे तमिळमध्ये विचारलं, "ही संस्था कुठल्या बोर्डाची, अम्मा? प्रॅक्टिकल कुठं केलंस? तिथून शिकलेलं कुणी ओळखीचं आहे?"

तेच प्रश्न. जवळजवळ त्याच क्रमानं. काचेच्या दाराच्या फटीतून बोलणं ऐकू येत होतं, पण मला अक्काची फक्त पाठ दिसत होती. परीक्षेत आपणच काढलेला पेपर यावा आणि एकही उत्तर येऊ नये, तशी ती बसली होती. मॅडमनी कॉम्प्युटरवर कायतरी शोधलं आणि स्क्रीन तिच्याकडं फिरवली. शाळेचा पत्ता एका कुलूप लावलेल्या गाळ्याचा होता. "तुझी चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हे मी फाइलमध्ये लावूं शकत नाही." मग म्हणाल्या, इंग्रजीत चार वाक्यं बोलून दाखव, कॉलिंगचं, म्हणजे फोनवर बोलायचं काम बघूं. अक्काच्या तोंडून एक वाक्य बाहेर आलं नाही.

मी बाहेर बसल्या बसल्या काय करत होतो ते सांगायलाच हवं. तिथं वाट बघणाऱ्या पोरांना हसवायला मी अमेरिकन माणसाचा आवाज काढत होतो. मॅडम दार उघडून बाहेर आल्या. "कोण बोलत होतं ते?"

नोकरी मला लागली. सर्टिफिकेट नाही, कोर्स नाही. नुसता आवाज.

परतीच्या बसमध्ये मी प्राजक्ताला फोन लावला. नंबर अस्तित्वात नव्हता. विल्लुपुरम् गेल्यावर अक्का बोलली. "तूं जा. एक तरी जाऊं दे." मग खिडकीकडं तोंड केलं. तंजावूर येईपर्यंत मी कुणाचाच आवाज काढला नाही.

आता मी चेन्नईत तिघांबरोबर एका खोलीत राहतो. ऑफिसात माझं नाव सॅम. अमेरिकेतल्या इन्शुरन्स कंपन्यांना फोन करायचे, डॉक्टरांचे क्लेम का अडकले ते विचारायचं. समोर प्रश्नांची यादी असते. सगळ्यांची उत्तरं लिहिल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी ट्रेनर म्हणाला, "समोरचा गोड बोलला की लोक प्रश्न विसरतात. तुम्ही विसरायचं नाही." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. माझ्यानं लिहवेना. मी अक्काचे कोड वापरून पोट भरतो. ते मला पाठ आहेत, कारण पीठ वाटताना मी तिथंच लोळत पडलेला असायचो.

अक्काचं लग्न ओरत्तनाडूला झालं. माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर निदान कुणावर तरी राग काढता आला असता. लग्नात सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी भटजींचा आवाज काढला. मांडव हसला.

गेल्या महिन्यात दुपारी आप्पांचा फोन आला. तिरुवैयारूच्या मावशीच्या मुलीला, मीनाला, तोच कोर्स करायचाय. शाळा वेगळी. कौन्सेलर पुन्हा मराठी बोलणारी. "तूंच बोल तिच्याशी," आप्पा म्हणाले. "तुला जमतं बोलायला."

मी म्हटलं, "नको आप्पा. अक्का बोलेल."

 आप्पा म्हणाले, "सरी."

तिघांची लाइन जोडली. मी माझा माइक बंद केला. अक्कानं आमच्याच मराठीत, तमिळ हेल काढून, जशी बोलते तशी सुरुवात केली.

"तुमची शाळा कोणत्या बोर्डाला जोडलेली आहे?"

"अय्या ताई, किती गोड बोलता तुम्ही! कुठल्या तुम्ही?"

"तंजावूरची. कोणत्या बोर्डाला?"

"ताई, आपण आधी सीट ब्लॉक करूया ना—"

"सीट राहूं द्या. पहिल्याचं उत्तर सांगा, मी लिहून घेतें."

ती दुसऱ्यावर गेली, तिसऱ्यावर गेली. आवाज चढवला नाही. कागदावर पेन सरकल्याचं मला ऐकू येत होतं. समोरचा गोडवा एकेका प्रश्नाला पातळ होत गेला. "तिथून शिकलेल्या दोघांचे नंबर द्या" म्हटल्याबरोबर लाइन कट झाली.

"सेतू, आहेस कीं?"

मी माइक चालू केला. "आहे."

"मीनाला सांग, ही नको. दुसरी बघूं." मग थोडं थांबून, घड्याळ बघितल्यासारखं, "चारच मिनिटं लागली रे."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात मी हुशार आहे.  "ठेवतें," ती म्हणाली. "सासूबाईंची शुगर बघायची आहे."

इथं कुणी विचारलं घर कुठं, तर मी तंजावूर म्हणतो, आणि ते लगेच मोठ्या देवळाचं विचारतात. मी मान हलवतो. आप्पा, अम्मा, ते लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, सगळं तिथंच आहे. आप्पांना ते फेकवत नाही. पण मला जायचं असतं त्या घरात अक्काच्या हातात अजून ते एक वर्ष आहे. त्या घरी कुठलीच गाडी जात नाही.

पोंगलला गेलो की दर वेळी ती निळी बॅग रिकामी करून ओरत्तनाडूला तिच्यापुढं ठेवतो. चेन अजून मध्येच अडकते, तुटलेली नाही. ती बॅगेवरून हात फिरवते आणि माझ्याकडं सरकवते.

"राहूं दे तुझ्याकडंच," म्हणते. "मला कुठं जायचं आहे?"