तान्ह्या पोळ्याचा मनिष, एक जुलैचा कागद

आनंदाबाईने ते भांडण मुद्दाम ऐकलं नव्हतं. कुडाला कुड लागून घरं असली की माणूस कान झाकून तरी किती झाकणार. रोवणीचे दिवस होते, पऱ्ह्यांतली भाताची रोपं उपटायला आली होती, आणि पलीकडे ताराचंद आणि त्याची बायको रीता सकाळपासून धाकट्या मनिषवरून एकमेकांना बोलत होती.

रीताचं म्हणणं, याला यंदाच पहिलीत बसवू. आपण दोघं दिवसभर चिखलात, मोठी खुशबू शाळेत, अंगणवाडी दुपारीच सुटते, मग याच्याकडे पाहणार कोण? शाळेत राहील, खिचडी खाईल, बहिणीचं बोट धरून घरी येईल. ताराचंद म्हणे, पहिलीला सहा वर्षं पुरी लागतात आणि याची अजून चार नाहीत.

"दोन वर्षं जास्त सांगतले तं पोट्टा काय म्हातारा होते का?" रीता म्हणाली.

"खोटं कायले लिहून द्याचं? त्याचं वय त्याच्यापाशी राहू दे ना व."

तिथेच राहिलं असतं तर बरं होतं. पण शेजारी आवाज चढला की आनंदाबाई चुलीवरचा चहा उतरवून निघालीच. गावची सुईण ती. मनिष तिच्याच हातावर जन्मला होता, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, गावची पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती तेव्हा. जन्माची नोंद कुणी केली नव्हती, आणि तीही विसरली होती. तिने ताराचंदला गप्प बसवलं, पोराचं नाक पुसलं आणि त्याला कडेवर घेऊन शाळेची वाट धरली. फाटकापाशी मात्र खाली उतरवलं. सहा वर्षांचं पोर कडेवर कसं दिसेल.

वासुदेवराव गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "सहा पुरे झाले का, बाई?"

"झाले ना, गुरुजी. माह्याच हातचा आहे."

गुरुजींनाही पट भरायचा होता. ज्याचा कागद नाही त्याला एक जुलै, ही त्यांची पद्धत. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. मनिषलाही एक जुलै मिळाला, वर दोन वर्षं मिळाली. भांडण मिटलं म्हणून आनंदाबाईला त्या दिवशी फार बरं वाटलं. रीताने तिला साखर जास्त घालून चहा पाजला.

पोरगा सोळाचा झाला, त्या हिवाळ्यात गावच्या दोन मोठ्या पोरांसोबत नदीकाठच्या मोटारपंपांची केबल कापायला गेला. त्याने नुसतं पोतं धरलं होतं म्हणतात. धरले तिघेही गेले. त्याचं आधार कार्ड शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं, त्यावर अठरा वर्षं आणि वर काही महिने. मग काय, मोठ्यांचं कोर्ट आणि मोठ्यांचं जेल.

आनंदाबाई भंडाऱ्याला कोर्टात उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. सरकारी वकिलाने विचारलं, शाळेत सहा सांगितले होते ते खरं की आज सांगता ते खरं? ती म्हणाली, "आजचं. तवा म्या खोटं बोलली." जजसाहेबांनी नीट ऐकून घेतलं, पाणी द्यायला लावलं, आणि समजावलं की कायद्यात आधी शाळेचा कागद पाहतात. तिच्या खोट्याचा दोन मिनिटांत कागद झाला होता. खऱ्याला आता कुणी हात लावेना.

चार महिन्यांनी मनिष जामिनावर घरी आला. भिंतीला पाठ लावून जेवायचा, ताटाभोवती हात धरून, भराभर. ती त्याच्यासमोर जाऊन बसली, म्हणाली, बाबू, माही चुकी झाली. त्याने घास गिळला.

"तुले मालूम होतं ना आजी, मी लहान आहो म्हून?"

एवढंच. पुढे तो हैदराबादकडे कामाला गेला. कोर्टाच्या तारखेला यायचा, आईला फोन करायचा. आजीशी बोलला नाही.

तुमसरची एक तरुण वकील होती, रुचिका. तिने वयाची चौकशी पुन्हा करा म्हणून अर्ज टाकला. तिच्याकडूनच आनंदाबाईला कळलं, की अठराच्या आतल्या पोरांसाठी भंडाऱ्याला वेगळं मंडळ असतं, पोराला मोठ्यांच्या जेलात ठेवत नाहीत, पुढे त्याच्या नावावरचा डागही राहू देत नाहीत. शंभरावर बाळंतपणं केली, आणि हे तिला सत्तरी उलटल्यावर ऐकायला मिळालं. त्यानंतर ती एका जागी बसलीच नाही.

ग्रामसभेत उभी राहून तिने सांगितलं, की रोवणीत अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा, म्हणजे आयांना वय वाढवावं लागणार नाही. आणि मिसरूड न फुटलेलं पोर धरलं, तर शाळेच्या दाखल्यावर थांबू नका, जन्माचं पुस्तक पाहा, सुईणीला विचारा, मगच कुठं न्यायचं ते ठरवा. असं सरकारला लिहून पाठवा.

सरपंच हिरालाल हसला. म्हणाला, आजी आता चोरांची वकिली करून राहिली.

"केबल नेली तं शिक्षा द्या गा," ती म्हणाली. "मी कुठं नाई म्हनतो. पन सोळाचा आहे तं सोळाची द्या."

मागे बसलेल्या बाया आधी बोलल्या, मग माणसं बोलली. ठराव झाला, तिने खाली वाकडीतिकडी सही केली, कागद वर गेला. वरून काही आलं नाही. तोवर रोवणीत सात-आठ लहानगी ती आपल्याच अंगणात सांभाळू लागली. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, पण जन्माचा दाखला आणायला कुणी जात नाही. ते कामही तिने अंगावर घेतलं.

गेल्या पोळ्यानंतर पंधरा दिवसांत ती वारली. रुचिकाच्या अर्जाला तेव्हा पुढची तारीख पडली होती.

जाण्याआधीच्या मंगळवारी ती तुमसरला गेली, हिरालालच्या नातीचा दाखला आणायला. नेहमीसारखं कचेरीतल्या कारकुनाकडून तारीख दोनदा वाचून घेतली. कारकुनाने थट्टा केली, आजी, तुमचा जन्म कधीचा ते तरी सांगा.

"माहा राहू दे. मले आता कोन पकडाले येते?"

एसटीतून उतरल्यावर आधी रीताचं दार लागतं. नेहमीसारखी ती उंबऱ्याशी थांबली, पोराचा फोन आला का विचारलं. रीता म्हणाली, आला होता. आणखी तिने विचारलं नाही आणि रीताने सांगितलं नाही. मग ती हिरालालच्या घरी गेली, पदराची गाठ सोडून दाखला सुनेच्या हातात दिला, आणि तो पेटीत ठेवून सून झाकण लावेपर्यंत तिथेच उभी राहिली.