स्थिर झालेला स्फुरद

शालन तांबे वर्गात कधी घड्याळाकडे बघत नाहीत. रत्नागिरीत त्या खतविक्रेत्यांना माती शिकवतात, आणि शिकवायचं म्हणजे डोक्यात उतरेपर्यंत, हा त्यांचा खाक्या. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत उमेदवारी केलेली ही बाई साहेबालाही तोंडावर सुनावते. त्यापायी बढती हुकली, पण त्याची त्यांना काडीची खंत नाही.

त्या दिवशी स्फुरदाच्या, म्हणजे खतातल्या फॉस्फरसच्या प्रशिक्षणाचा समारोप होता. प्रमाणपत्रं टेबलावर रचलेली, ती वाटणारे साहेब अजून वाटेत. तेवढ्यात बाईंनी लांज्याच्या भागोजीशेटना सहज विचारलं, "आपल्या जांभ्या मातीत स्फुरदाचं काय होतं?"

"स्थिर होतो!" भागोजींनी ठणकावून सांगितलं. "म्हंजे वाया जात नाय. मी तर गिऱ्हाइकाला सांगतो, दोन गोणी जास्तीच टाक, जमिनीत ठेव ऱ्हाईल."

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या आणि शालनताईंना आपली चूक कळली. पुस्तकातला शब्द त्यांनी जसाच्या तसा दिला होता, आणि मंडळींनी त्याचा घरगुती अर्थ घेतला होता. मुलगा नोकरीत स्थिर होतो, तसा स्फुरद मातीत स्थिर होतो. म्हणजे चांगलंच की! ही माणसं अशीच दुकानात जाऊन बसली, तर आंब्याच्या बागांमध्ये खताचा नुसता मारा होणार आणि पावसात मातीबरोबर वाहून ते खाडीत जाणार.

"कोणी उठायचं नाही," त्या म्हणाल्या. "साहेब आलेच तर बाहेर चहा घेतील."

फळ्यावरचा 'स्थिर' त्यांनी पुसून टाकला. "मातीतलं लोह स्फुरदाला धरून ठेवतं. तो जमिनीत असतो, पण कलमाच्या मुळाला मिळत नाही. आणखी ओतलात तर तोही अडकतो."

मागच्या बाकावरून पावस गावच्या हौसाबाई बोलल्या. त्यांचा नवरा मुंबईला, दुकान त्याच चालवतात. "म्हंजे आमच्या ह्यांच्यासारखा. रेशनकार्डावर हायत, घरात नायत."

हशा पिकला. हौसाबाई मात्र हसल्या नाहीत.

"मग त्यांना गावाला कोण आणतो?" शालनताईंनी हळूच विचारलं.

"गणपती!" हौसाबाई म्हणाल्या.

"तेच काम मातीत शेणखत करतं. त्याने लोहाची पकड सैल होते. म्हणून आधी माती तपासा. लागेल तेवढाच स्फुरद शेणखताबरोबर झाडाभोवतीच्या आळ्यात घाला, वरून उधळू नका."

"मग आमी विकायचं काय?" भागोजी फणकारले. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं, गोण्या काढून ठेवायला सांगत होतं. भागोजींनी एकदा फळ्याकडे बघितलं.

"गोण्या ऱ्हाऊ देत रे," ते फोनवर म्हणाले. "पयली माती तपासून आण. तुझा स्फुरद मुंबैला जाऊन बसलाय."

शालनताईंनी साहेबांची वाट न बघता पहिलं प्रमाणपत्र उचललं आणि भागोजींच्या हातात ठेवलं.